गुदमरलेल्या पेशीच्या चिठ्ठ्या

मामांनी तर्री कधी सोडली ते मला नीट आठवत नाही आणि गेली काही वर्षं हीच एक गोष्ट मला टोचून राहिली आहे. नागपूरच्या माणसाने तर्री सोडणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. रविवारी सकाळी ठेल्यावर जायचं, पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वरून कांदा, आणि मामांचं ठरलेलं वाक्य, "भाऊ, अजून मार तर्री, का कंजुषी करून राहिला." मग कुठल्याशा एका रविवारी ते म्हणाले, "मले सुकेच दे." मी बाजूलाच उभी होते, हातात प्लेट होती, मी काहीच विचारलं नाही. पुढच्या रविवारी पण सुके. त्यानंतर नात्यातल्या एका लग्नात सावजी मटण होतं तर मामा वरणभात खाऊन उठले, मामी म्हणाली वय झालं आता, ॲसिडिटी होते त्यांना, आणि सगळ्यांनी मान हलवली, मी पण.

मी अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते. सोळा वर्षं झाली. रोज खर्रा खाणाऱ्या माणसाला अचानक तिखट सोसेनासं झालं, तोंडाची आग व्हायला लागली, तर ते कशाचं पहिलं लक्षण असतं हे मला माहीत असायला हवं होतं. पुस्तकात कुठेतरी वाचलेलं पण होतं. पण ते वाक्य आणि मामांची सुकी पोह्यांची प्लेट हे दोन्ही माझ्या डोक्यात कधी एकत्र आलंच नाही.

मामांचं गांधीबागेकडे छोटं दुकान आहे, मोटर वाइंडिंगचं. उन्हाळ्यात कूलरचे पंप, पंख्याच्या मोटरी, बाकी वर्षभर मिक्सर वगैरे. दुकानासमोर पानठेला. ज्यांनी खर्रा घोटताना बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू, चुना हे सगळं पन्नीत टाकतात आणि तळहाताने घोटघोट घोटतात, घोटता घोटता सुपारी ओलसर होते, चुना आत मुरतो, मग त्याच पन्नीची पुडी बांधून हातात देतात. मामा दिवसाला पाच-सहा पुड्या खायचे, बावीस वर्षं. २०१२ मधे राज्यात गुटख्यावर बंदी आली तेव्हा मामा मोठ्या समाधानाने म्हणाले होते, बरं झालं, तो गुटखा लय खराब, आपण तर ताजा खर्रा खातो. ताजा म्हणजे चांगला, असा हिशोब. आणि खरं सांगायचं तर सुपारीला कोणी दोष देतच नाही आपल्याकडे. पूजेत सुपारी, लग्नात सुपारी, जेवणानंतर सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मधे एकट्या सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, हे मी आजपर्यंत ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांना ते पहिल्यांदाच कळत होतं.

सुपारी गालाच्या आत नेमकं करते काय? तिच्यात अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं, ते गालाच्या कातडीखालच्या पेशींना कोलॅजन बनवायला लावतं. कोलॅजन म्हणजे आपल्या शरीरातली सुतळी समजा. वरून सुपारीत तांबं असतं, त्यामुळे या सुतळ्या एकमेकींना घट्ट बांधणारं एन्झाइम जोरात चालतं. म्हणजे सुतळी जास्त, गाठी जास्त, आणि ती सोडवणारं शरीरातलं यंत्र मागे पडतं. गाल हळूहळू पांढुरका पडतो, आतून बोट फिरवलं तर दोऱ्यांसारखे पट्टे लागतात, तोंड उघडेनासं होतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मधे श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय बायकांच्या तोंडात हे बघून लिहून ठेवलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टर जोशींनी त्याचं आपल्याकडचं वर्णन छापलं. म्हणजे आजार सत्तर वर्षांपासून माहितीतला आहे.

आता मला ज्याबद्दल बोलायचंय ते इथून सुरू होतं. या सुतळ्या वाढतात तेव्हा त्यांच्यामधून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. गाल पांढरा दिसतो तो उगाच नाही, तिथे रक्त कमी पोचतंय. आणि रक्त कमी म्हणजे ऑक्सिजन कमी. कॅन्सरचा अजून पत्ता नसतो, गाठ नाही, जखम नाही, पण गालाच्या त्या तळहातभर जागेतल्या पेशी वर्षानुवर्षं अर्धवट श्वासावर जगून राहिलेल्या असतात. अशा रुग्णांच्या गालाचे तुकडे तपासले तेव्हा त्यात पेशी गुदमरल्याची खूण असलेलं एक प्रोटीन वाढलेलं सापडलंय. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

मामांच्या गालात जखम झाली ती भरेना. एका डॉक्टरांनी तोंड आलंय म्हणून जेल दिलं, बी-कॉम्प्लेक्स दिलं, परत जेल दिलं, यात सात-आठ महिने गेले. मग बायोप्सी, मग ते कागद, मग डिसेंबर २०२० मधे ऑपरेशन. डावा गाल, जबड्याचा तुकडा, मानेतल्या गाठी काढल्या आणि छातीचं मांस फिरवून गाल बनवला. या भागाबद्दल मला जास्त लिहायचं नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे.

जानेवारीच्या शेवटी शेक सुरू झाले. आमच्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात. तीस शेक, आठवड्याला पाच. प्लॅस्टिकच्या जाळीचा मुखवटा गरम पाण्यात मऊ करून मामांच्या तोंडावर बसवला, तो त्यांच्या चेहऱ्याचा आकार घेऊन थंड झाला, आणि रोज तोच मुखवटा टेबलाला स्क्रूने कसून त्यांना झोपवायचे. दुसऱ्या आठवड्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. डॉक्टर मॅडम म्हणाल्या रक्त चढवू, दहाच्या खाली राहून चालणार नाही. मी विचारलं, मॅडम, अशक्तपणासाठी का? त्या म्हणाल्या, तो तर आहेच, पण ऑक्सिजन कमी असला की शेक नीट लागत नाही.

शेक नीट लागत नाही म्हणजे काय, हे मी रात्री शोधायला बसले. १९५३ मधे ब्रिटनमधे ग्रे आणि त्यांच्या सोबत्यांनी हे दाखवलं होतं. किरणांमुळे पेशीच्या डीएनएला जी इजा होते ती पहिल्या क्षणी कच्ची असते, पेशी ती सावरू शकते, पण तिथे ऑक्सिजन असेल तर तो त्या इजेला पक्की करून टाकतो. म्हणून ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला जवळपास अडीच ते तीनपट डोस लागतो. पेशी गुदमरलेली आहे आणि त्याच कारणाने ती वाचते, हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. मग १९५५ मधे थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे काप मायक्रोस्कोपखाली मोजले. रक्तवाहिनीपासून साधारण दीडशे ते पावणेदोनशे मायक्रोमीटरपर्यंत पेशी जिवंत, त्यापुढे मेलेल्या. दीडशे मायक्रोमीटर म्हणजे डोक्याचे दोन केस शेजारी ठेवले तर होईल तेवढं अंतर. बस, ऑक्सिजनची धाव तेवढीच.

आपल्या वस्तीतल्या नळाच्या लाइनसारखं आहे हे. मेन लाइनजवळच्या घरांत धो धो पाणी, मधल्या घरांत करंगळीएवढी धार, आणि गल्लीच्या टोकाच्या घरात नळ नुसता फुसफुस करतो. गाठ वाढत जाते तशी टोकाची घरं वाढत जातात. मेन लाइनजवळच्या पेशी मजेत, टोकापलीकडच्या मेलेल्या, आणि या दोघांच्या मधे एक पट्टा असतो जिथल्या पेशी मरत पण नाहीत आणि धड जगत पण नाहीत. मला वाटतं सगळी गोष्ट या पट्ट्याची आहे.

या पट्ट्यातल्या पेशीला कळतं कसं की ऑक्सिजन कमी पडला? पेशीत एचआयएफ नावाचं प्रोटीन सतत बनत असतं आणि बनल्या बनल्या मोडलं जात असतं, काही मिनिटांचं आयुष्य त्याचं. मोडायचंच तर बनवायचं कशाला, असं माझी मुलं वर्गात विचारतात आणि प्रश्न बरोबर आहे. तर ऑक्सिजन हजर असला की त्याच्या मदतीने काही एन्झाइम्स या प्रोटीनवर शिक्का मारतात, शिक्का बघून दुसरं एक प्रोटीन त्याला पकडतं आणि मोडीत पाठवतं. ऑक्सिजन नसला की शिक्का नाही, शिक्का नाही म्हणून मोड नाही, आणि मग ते साचतं, केंद्रकात शिरतं आणि शेकडो जीन्सची बटणं दाबतं. नवीन रक्तवाहिन्या बोलवा, साखर जास्त ओढा, लाल पेशी वाढवा. म्हणजे पहारेकरी आधीपासून दारातच उभा असतो, फक्त ऑक्सिजनने हात सोडायची वाट. हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. मघाशी म्हणाले ना सुपारीने पांढऱ्या पडलेल्या गालात एक प्रोटीन वाढलेलं सापडतं, ते हेच. म्हणजे मामांच्या गालात हा पहारेकरी बहुतेक तर्री सोडायच्या आधीपासून जागा असणार.

तेव्हाच बाहेर सगळं शहर ऑक्सिजन हा एकच शब्द बोलून राहिलं होतं. शेक संपता संपता मार्चमधे लॉकडाऊन लागलं, एप्रिलमधे तर काय परिस्थिती होती ते नागपूरकरांना सांगायला नको. विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्सप्रेस आली, तीन टँकर इथे उतरले, आणि रेल्वेच्या डब्यावर ठेवलेल्या टँकरचे फोटो लोक देवाचे फोटो पाठवावेत तसे एकमेकांना पाठवून राहिले होते. आमच्या घरात ऑक्सिमीटर आला. मामांच्या बोटाला लावला की अठ्ठ्याण्णव. मामी हात जोडायची. मला तो आकडा बघून बरं वाटायचं आणि त्याच वेळी पोटात गोळा पण यायचा, कारण बोटाच्या टोकाला अठ्ठ्याण्णव असताना गाठीच्या आत, मेन लाइनपासून दोन केसांच्या अंतरावर, जवळपास शून्य असू शकतो हे मला आता माहीत झालं होतं.

आता चिठ्ठ्यांकडे येते.

ऑपरेशननंतर नाकात नळी, तोंड सुजलेलं, बोलणं बंद. मामा तसे कमी बोलणारे, तोंडात कायम खर्रा असलेला माणूस बोलणार तरी किती, हूं आणि हं यावरच दुकान चालायचं. पण बोलता येईना तेव्हा त्यांनी दुकानाचं जुनं बिलबुक मागवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. दिवसाला पंधरा, वीस, तीस चिठ्ठ्या. "बर्डीवाल्याचा पंप तयार आहे, साडेतीनशे घेजो." "खस आताच भरून ठेव, एप्रिलमधे महाग होते." "मामीले जेवाले लाव." एक नुसतीच "पंखा". पंखा बंद कर की चालू कर, त्यावर मामीचं आणि त्यांचं खुणांनी भांडण झालं होतं. मामीने सगळ्या चिठ्ठ्या संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्यात, अजून आहेत.

फेब्रुवारीत शेकांनी तोंड आतून सोललं तेव्हा बोलणं परत बंद झालं आणि बिलबुक परत निघालं. मी त्यांच्या पलंगाशी मोबाइलवर वाचत बसलेली असायची. एका दुपारी चिठ्ठी आली, "रोज का वाचून राहिली? साधं सांग." आणि मी त्या वेळी जे वाचत होते ते नेमकं असं होतं की त्यांना सांगायला मला त्यांच्या हातातल्या चिठ्ठीपेक्षा दुसरी उपमा शोधावी लागली नाही.

प्रत्येक पेशी स्वतःतून बारीक बारीक पुड्या बाहेर सोडत असते. चरबीच्या पातळ पापुद्र्याच्या पुड्या, आत थोडी प्रोटीन्स, आरएनएचे म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या नकलांचे तुकडे. सगळ्यात लहान जातीला एक्सोसोम म्हणतात, तीस ते दीडशे नॅनोमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीत शंभर नॅनोमीटरवाल्या आठशे तरी ओळीने मावतील. पेशीच्या आत एक पिशवी असते, तिच्यात या पुड्या तयार होऊन जमतात, मग ती पिशवी पेशीच्या बाहेरच्या पडद्याला येऊन चिकटते, तोंड उघडतं आणि सगळ्या पुड्या बाहेर. शोध लागला १९८३ मधे, मॉन्ट्रियलला रोज जॉनस्टोन यांच्या लॅबमधे आणि त्याच सुमारास अमेरिकेत सेंट लुइसला. आणि त्या सापडल्या कुठे तर अपरिपक्व लाल रक्तपेशींत, जॉनस्टोनबाईंकडे तर मेंढीच्या. ऑक्सिजन वाहून नेणारी पेशी मोठी होताना अंगावरचं जुनं सामान, लोह आत घ्यायची दारं, या पुड्यांत भरून फेकून देते. म्हणून कितीतरी वर्षं सगळ्यांना वाटलं की हा पेशीचा कचरा आहे, आणि कचऱ्यात कोण हात घालतं. २००७ मधे स्वीडनमधल्या वालाडी, लोटवाल आणि मंडळींनी दाखवलं की या पुड्यांत आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला पण लागतो. तिथून सगळं बदललं. जो कचरा वाटत होता त्यावर मजकूर निघाला.

मग प्रश्न येतो की गुदमरलेली पेशी या पुड्या कमी सोडेल की जास्त. माझा अंदाज होता कमी. माणूस दमला की बोलणं कमी करतो, पुडी बनवायला ताकद लागते, ऑक्सिजन नसताना ती कुठून आणायची. उत्तर उलटं निघालं. २०१२ मधे ऑस्ट्रेलियातल्या किंग, मायकल आणि ग्लीडल यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या तीन वेगवेगळ्या पेशीजाती घेतल्या आणि त्यांना हवेतल्या एकवीस टक्क्यांऐवजी एक टक्का आणि मग फक्त ०.१ टक्का ऑक्सिजनमधे वाढवलं. तिन्ही जातींनी जास्त एक्सोसोम सोडले. मोजायची पद्धत मला फार आवडली, द्रवातून लेझर सोडतात आणि पुड्या स्वतः दिसल्या नाहीत तरी त्यांच्यावरून उडालेला प्रकाश ठिपक्यांसारखा नाचताना दिसतो, दुपारी खिडकीतून येणाऱ्या कवडशात धूळ दिसते ना, तसा. मग त्यांनी दोन गोष्टी अजून केल्या. एक, ऑक्सिजन भरपूर ठेवून फक्त शिक्का मारणाऱ्या एन्झाइम्सना औषधाने थांबवलं, म्हणजे पेशीला खोटंच वाटायला लावलं की ऑक्सिजन नाही, तरी पुड्या वाढल्या. दोन, एचआयएफ बनूच दिलं नाही आणि मग ऑक्सिजन काढला, तर पुड्या वाढल्याच नाहीत. म्हणजे पुड्या सोडायला लावणारा तोच दारातला पहारेकरी. पुड्यांमधे मिर-२१० नावाचा छोटा आरएनए पण जास्त भरलेला होता, जो ऑक्सिजन कमी झाला की पेशीत वाढतो हे आधीच माहीत होतं.

दोन वर्षांनी खुद्द सेमेन्झांच्या गटाने दाखवलं की एचआयएफमुळे रॅब २२ए नावाचं प्रोटीन वाढतं आणि पेशीच्या अंगावरून थेट सुटणाऱ्या, थोड्या मोठ्या पुड्या वाढतात. आणि ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशींत असं दिसलं की ऑक्सिजन कमी झाला की पुड्यांच्या पिशवीला आत मोडीत नेणारं रॅब ७ कमी होतं आणि बाहेर नेणारं रॅब २७ए वाढतं. इथे मी जरा थांबले होते. कारण याचा अर्थ गुदमरलेल्या पेशीत नुसता वेग वाढत नाही, जे आत जिरायचं होतं तेसुद्धा दाराकडे वळतं.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल पण आहे, आणि तो पेपर मी सगळ्यात सावकाश वाचला. २०१६ चा, चीनमधला. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी कमी ऑक्सिजनमधे ठेवल्या, त्यांच्या पुड्या गोळा केल्या आणि भरपूर ऑक्सिजनमधे सुखाने राहणाऱ्या तशाच पेशींना दिल्या. तर त्या सुखातल्या पेशी हलायला लागल्या, शेजारच्या थरात घुसायला लागल्या. पुड्यांत मिर-२१ नावाचा असाच एक छोटा आरएनए भरलेला होता. म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घराची टंचाई मेन लाइनजवळच्या घराला चिठ्ठीने कळली आणि त्याने, स्वतःकडे पाणी असूनही, सामान बांधायला घेतलं.

मी मामांना हे सगळं असं नाही सांगितलं. मी एवढंच म्हणलं की मामा, गाठीत ज्या पेशीला श्वास मिळत नाही ना ती चूप बसत नाही, ती तुमच्यासारख्या चिठ्ठ्या लिहिते, आणि दुसऱ्या पेशी त्या वाचून तसं वागायला लागतात. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग बिलबुक ओढलं आणि लिहिलं,

"पत्ता कोण टाकते?"

मला आजही वाटतं की इतका नेमका प्रश्न मला एम.एस्सी.च्या व्हायव्हात कोणी विचारला नव्हता. चिठ्ठी लिहिली, ठीक, पण ती कुणाच्या घरी जायची हे कसं ठरतं? यावर न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने २०१५ मधे काम छापलंय. पुडीच्या पापुद्र्यावर इंटेग्रिन नावाची प्रोटीन्स असतात आणि ती कुठल्या प्रकारची आहेत त्यावर पुडी फुफ्फुसात चिकटेल की लिव्हरमधे हे बऱ्याच अंशी ठरतं. उंदरांवर केलेलं काम आहे. पुड्या आधी जाऊन तिथली जमीन नांगरून ठेवतात आणि कॅन्सरची पेशी मागाहून येऊन पडते. मी मामांना म्हणलं, पत्ता पाकिटावरच असतो. आणि पुढचं, जमिनीचं, मी गिळलं. मानेतल्या दोन गाठींत आजार निघालेला होता, माणसाला किती सांगायचं हे पण बघावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते, म्हणून इथे लिहिते. कॅन्सरबद्दल बोलताना लोक म्हणतात पेशी हुशार असते, चलाख असते, कट करते. व्हॉट्सॲपवर येणारे व्हिडिओ तर तिला सिनेमातला व्हिलन करून टाकतात. पेशीला मन नाही. गर्भात बाळ वाढताना, जखम भरताना, आपण डोंगरावर गेलो की, पेशी ऑक्सिजन कमी पडल्यावर जे करते तेच ती गाठीत करते. यंत्रणा आपलीच, आपल्याला जगवणारी. चिठ्ठीची उपमा मी स्वतःच दिली आणि तिच्यात पण हा धोका आहे हे मला कळतं, मामांच्या चिठ्ठीमागे मामा होते, पुडीमागे कोणी नाही. आणि अजून एक, लॅबमधे ज्याला नॉर्मल म्हणतात तो एकवीस टक्के ऑक्सिजन शरीरातल्या जवळपास कुठल्याच पेशीला मिळत नाही, बहुतेक अवयवांत तो पाच टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच असतो. म्हणजे तुलना ज्याच्याशी केली ते नॉर्मलच जरा चैनीचं होतं. म्हणून बशीतल्या पेशींवरून माणसाबद्दल बोलताना मी आता जपून बोलते.

याचा उपयोग काय म्हणाल तर या पुड्या रक्तात फिरतात, लाळेत पण सापडतात, म्हणून गाठीतली टंचाई बाहेरूनच वाचता येईल का यावर जगभर काम चालू आहे. पुड्या थांबवायची औषधं पण बशीत करून बघतात, अडचण ही की निरोगी पेशीसुद्धा याच रस्त्याने बोलतात. मला स्वतःला लाळेच्या तपासणीची फार आशा आहे. नागपूरसारख्या शहरात, जिथे प्रत्येक चौकात पानठेला आहे, तिथे थुंकीच्या एका थेंबावरून कोणाच्या गालात पेशी गुदमरून राहिल्यात हे कळलं तर किती मामा वाचतील.

तोपर्यंत माझ्याकडे तीन बोटं आहेत. दर वर्षी बारावीच्या पहिल्या महिन्यात मी वर्गात सगळ्यांना सांगते, आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. निरोगी तोंडात ती जातात. मुलं हसतात, मुली लाजतात, पण घालतात. मागच्या जूनमधे शेवटच्या बाकावरच्या एका पोराची दोनच गेली. तो हसत नव्हता. तास संपल्यावर मी त्याला थांबवलं आणि खर्रा खातोस का असं विचारलंच नाही. मी विचारलं, पोह्यांवर तर्री घेतो का रे? तो म्हणाला, "नाही मॅडम, जळते."

त्याला आणि त्याच्या वडलांना मीच डेंटल कॉलेजला घेऊन गेले. कॅन्सर नाही, फायब्रोसिस आहे. झालेला घट्टपणा पूर्ण जात नाही, पण खर्रा सुटला तर पुढचं बऱ्याच अंशी टाळता येतं, आणि तोंड उघडायचा व्यायाम रोज. व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. मामा हाच व्यायाम शेक झाल्यापासून करून राहिलेत, कारण शेकांनी जबडा अजून आखडतो. सहा काड्यांपासून सुरुवात केली होती त्यांनी.

पोरगा आता संध्याकाळी क्लास सुटला की मामांच्या दुकानात येतो. समोर पानठेला तसाच आहे. मामा स्टुलावर, तो गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर, दोघांच्या दातांत काड्या, आणि काड्या तोंडात असताना बोलता येत नाही म्हणून मधे बिलबुक. मी परवा गेले तेव्हा वरच्या चिठ्ठीवर मामांच्या अक्षरात "१४" लिहिलेलं होतं आणि खाली त्या पोराच्या अक्षरात "११, दुखते". मामांनी ते वाचलं, डब्यातून अजून एक काडी काढली आणि त्याच्यासमोर धरली.